सूक्ष्मजीवांची रूपे



पावसाळा तोंडावर आला की गावोगावच्या विहिरींत जंतुनाशक पूड टाकण्याचे काम सुरू होते आणि कोठे ना कोठे एकच आक्षेप ऐकू येतो : ‘पाणी काचेसारखे स्वच्छ आहे, तळ दिसतो आहे, मग वास येणारी पूड त्यात कशासाठी?’ हा आक्षेप निव्वळ हट्टापोटी घेतला जातो असे मानण्याचे कारण नाही. डोळ्यांनी पाहून पारख करणे हा माणसाचा स्वभाव आहे, आणि धान्य, गुरे, कापड यांच्या बाबतीत ती पारख बहुधा बरोबर ठरते. पाण्याच्या बाबतीत मात्र ती अपुरी पडते. ती का अपुरी पडते हे समजण्यासाठी, जे जीव डोळ्यांना दिसत नाहीत त्यांचे रूप कसे असते, ते प्रथम कोणी पाहिले आणि त्या रूपावरून काय कळते व काय कळत नाही, याचा विचार करावयास हवा.

आकारमानाची कल्पना

सूक्ष्मजीव मोजण्याचे माप म्हणजे मायक्रॉन. एका मिलिमीटरचे एक हजार भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. मनुष्याच्या आतड्यात राहणारा एश्चेरिचिया कोलाय हा जीवाणू सुमारे दोन मायक्रॉन लांब असतो. चार मिलिमीटर रुंदीच्या ज्वारीच्या एका दाण्यावर असे जीवाणू एकापुढे एक मांडले, तर त्या रांगेत दोन हजार जीवाणू मावतील. निरोगी डोळ्याला साधारणपणे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून लहान वस्तू दिसत नाही. म्हणजे पन्नास जीवाणू टोकाला टोक लावून उभे राहिले, तरच त्यांची लांबी जेमतेम दृष्टीच्या टप्प्यात येईल. प्रयोगशाळेतील चांगले सूक्ष्मदर्शक यंत्र वस्तू हजारपट मोठी करून दाखविते. त्यातून पाहिल्यावर हाच जीवाणू मोहरीच्या दाण्याएवढा भासतो.

सृष्टीच्या नियमांना अपवाद असतात, तसा याही नियमाला आहे. कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावरील खारफुटीत कुजणाऱ्या पानांवर वाढणाऱ्या एका जीवाणूचे वर्णन शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. थायोमार्गारिटा मॅग्निफिका या नावाचा हा जीवाणू पांढऱ्या दोऱ्यासारखा असून त्याची लांबी सुमारे एक सेंटिमीटर भरते. तो यंत्राविना दिसतो. परंतु असे जीवाणू अत्यंत विरळ होत.

प्रथम दर्शन

सूक्ष्मजीव ज्याने प्रथम पाहिले तो विद्यापीठातील पंडित नव्हता. हॉलंडमधील डेल्फ्ट या गावचा आंतोनी व्हान लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी होता. फावल्या वेळात काच घासून बारीक भिंगे तयार करण्याचा त्याला छंद होता. ज्वारी-मोहरीच्या दाण्याएवढे एक भिंग धातूच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये बसवून तो ते डोळ्याजवळ धरी. त्याच्या आज उपलब्ध असलेल्या भिंगांपैकी सर्वांत प्रभावी भिंग वस्तू सुमारे २७० पट मोठी करते.

मिरी तिखट का लागते, असा प्रश्न १६७६ मध्ये त्याच्या मनात आला. मिऱ्याच्या अंगी सूक्ष्म काटे असतील काय हे पाहण्यासाठी त्याने मिरी पाण्यात भिजत घातली. त्या पाण्याच्या थेंबात काटे तर दिसले नाहीत. हालचाल करणारे असंख्य सूक्ष्म जीव मात्र दिसले. लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याने ही हकिकत कळविली. प्रारंभी तिच्यावर सहजासहजी कोणाचा विश्वास बसेना. पुढील वर्षी रॉबर्ट हुक यांनी सोसायटीच्या सभासदांना तसाच थेंब दाखविला, तेव्हा शंका फिटली. लेव्हेनहूकने १६८३ मध्ये आपल्या दातांवरील पांढरा थर काढून पाहिला आणि त्यातील काडीसारख्या, नागमोडी व गरगर फिरणाऱ्या जीवांची चित्रे काढविली. जीवाणूंची ही जगातील पहिली चित्रे समजली जातात.

या दर्शनापासून रोगाचे कारण हाती लागेपर्यंत जवळजवळ दोनशे वर्षे गेली. त्या काळात सूक्ष्मजीव ही एक नवलाची गोष्ट राहिली. त्यांचा व साथीच्या रोगांचा संबंध बहुतेकांना मान्य नव्हता. दूषित हवेमुळे, दुर्गंधीमुळे रोग होतात अशीच सर्वसाधारण समजूत होती.

आकारांचे प्रकार

जर्मन शास्त्रज्ञ फेर्डिनांड कोन यांनी १८७२ मध्ये जीवाणूंची त्यांच्या आकारावरून विभागणी केली. आजही शालेय पुस्तकांत मुख्यतः तीच विभागणी आढळते. वाटोळे ते गोलाणू, काडीसारखे ते दंडाणू आणि पीळ असलेले ते सर्पिलाणू.

गोलाणूंची ओळख त्यांच्या मांडणीवरून अधिक पटते. गळू व पुवाला कारण होणारे स्टॅफिलोकोकस द्राक्षांच्या घडासारखे एकत्र असतात. घसा धरविणारे स्ट्रेप्टोकोकस माळेतील मण्यांप्रमाणे एकामागे एक ओवलेले दिसतात. न्यूमोनियाचे गोलाणू जोडीजोडीने राहतात. ही मांडणी योगायोगाने होत नाही. पेशी दुभंगताना ती एकाच दिशेने दुभंगत राहिली तर माळ तयार होते. निरनिराळ्या दिशांनी दुभंगली तर घड तयार होतो.

दंडाणूंमध्येही विविधता पुष्कळ आहे. धनुर्वाताच्या दंडाणूच्या एका टोकाला बीजाणूची गोल गाठ असते, त्यामुळे तो ढोल वाजविण्याच्या टिपरूसारखा दिसतो. जनावरांमध्ये फाशी आणि माणसांमध्ये काळपुळी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या रोगाचे दंडाणू टोकाला टोक लावून उभे असतात. ती रांग बांबूच्या पेरांसारखी भासते. या दोन्ही जीवाणूंचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. फाशीने मेलेल्या जनावराचे शव फाडू नये, ते चुन्यासह खोल पुरावे, असा पशुवैद्यकांचा आग्रह असतो, त्याचे कारण हेच. शव उघडले की जीवाणूंचा हवेशी संबंध येतो, बीजाणू तयार होतात आणि ते चराऊ जमीन दीर्घकाळ दूषित करून ठेवतात.

याखेरीज कित्येक जीवाणूंना कशाभिका म्हणजे चाबकाच्या दोरीसारखे अतिसूक्ष्म धागे असतात. त्यांच्या साहाय्याने ते पाण्यात पोहतात. कोणाला एक कशाभिका असते, तर कोणाला सर्वांगावर अनेक असतात.

रंगाने उघड झालेले रूप

सूक्ष्मदर्शकाखाली धरलेला जिवंत जीवाणू पाण्यासारखा पारदर्शक असतो. त्याचा आकार स्पष्ट दिसावा म्हणून त्याला रंग द्यावा लागतो. कापड रंगविण्यासाठी एकोणिसाव्या शतकात जे कृत्रिम रंग निघाले, त्यांचाच उपयोग जंतुशास्त्राने करून घेतला.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. क्षयाच्या जंतूवर मेणचट पदार्थाचे आवरण असल्यामुळे तो सहजासहजी रंग घेत नाही. मात्र एकदा घेतलेला रंग आम्लाने धुतला तरी तो सोडीत नाही. या हट्टी स्वभावाचाच उपयोग करून त्सील व नील्सेन यांनी पद्धत बसविली. थुंकीचा पातळ थर काचपट्टीवर पसरून त्यास तांबडा रंग देतात, आम्लाने धुतात व मग निळा रंग देतात. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक तांबड्या काड्या दिसल्या की क्षयाचे निदान होते. आज क्षयाच्या जंतूंतील जनुकीय द्रव्य ओळखणाऱ्या अधिक संवेदनशील चाचण्या उपलब्ध आहेत. तथापि सव्वाशेहून अधिक वर्षे कोट्यवधी रोग्यांचे निदान या तांबड्या काड्यांनीच केले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. काचपट्टीवर जंतू सापडण्यासाठी एक मिलिलिटर थुंकीत ते सुमारे पाच ते दहा हजार असावे लागतात. लाळ आणून दिली तर त्यात ते सापडणार नाहीत. म्हणून खोल श्वास घेऊन, खोकून, छातीतील बेडका देण्यास आरोग्यसेवक सांगतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असलेल्या माणसाने सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी करून घ्यावी. ती विनामूल्य होते. ‘एकदा तपासले, काही दिसले नाही’ एवढ्यावरून निश्चिंत होऊ नये.

डेन्मार्कचे हान्स क्रिस्तियान ग्राम यांनी १८८४ मध्ये रंग देण्याची आणखी एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यायोगे जीवाणूंचे दोन मोठे गट पडतात. जाड भित्तीचे जीवाणू जांभळे राहतात, पातळ भित्तीचे गुलाबी दिसतात. रोग्याला कोणते प्रतिजैविक लागू पडेल याचा पहिला अंदाज बांधण्यासाठी रुग्णालये ही पद्धत आजही वापरतात.

पटकीचा स्वल्पविराम

रूपावरून रोग ओळखण्याच्या इतिहासात भारताचा संबंध अत्यंत निकटचा आहे. इटलीतील फिलिप्पो पाचिनी यांनी १८५४ मध्ये पटकीच्या रोग्यांच्या आतड्यात सूक्ष्मजीव पाहिले होते. परंतु त्यांच्या निरीक्षणाकडे कोणी लक्ष दिले नाही. पुढे कॉख १८८३ च्या अखेरीस कलकत्त्यास आले. पटकीच्या रोग्यांत त्यांना स्वल्पविरामाच्या चिन्हाप्रमाणे किंचित वाकलेला जीवाणू सतत आढळला. ज्या वस्तीत पटकी पसरली होती तेथील तळ्याच्या पाण्यातही तो सापडला. त्या तळ्यात लोक अंघोळ करीत, कपडे धूत आणि त्याचेच पाणी पीत. हा जीवाणू एका कशाभिकेच्या बळावर बाणासारखा वेगाने सरकतो.

आकार कळला, तरी त्या जीवाणूमुळे शरीरातील पाणी एवढ्या झपाट्याने का बाहेर पडते, हे कोडे पुष्कळ वर्षे सुटले नव्हते. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले की हा जीवाणू एक विषद्रव्य बाहेर टाकतो व ते विषद्रव्यच आतड्यातून पाणी ओढून काढते. म्हणजे रोग्याचा जीव वाचवावयाचा तर गेलेले पाणी व क्षार तातडीने परत द्यावयास हवेत. आज घरोघर माहीत असलेल्या मीठ-साखरेच्या पाण्यामागील विचार तोच आहे.

रूपाच्या मर्यादाही पटकीनेच दाखविल्या. मद्रासमध्ये १९९२ च्या अखेरीस पटकीची साथ आली, तेव्हा तिला कारण झालेला जीवाणू यंत्राखाली पूर्वीसारखाच वाकलेला दिसत होता. परंतु तो निराळ्या प्रकारचा होता आणि पूर्वीच्या पटकीमुळे आलेली प्रतिकारशक्ती त्याच्यापुढे चालली नाही. पाण्यात राहणारे कित्येक निरुपद्रवी जीवाणूही असेच वाकलेले असतात. सारांश, सूक्ष्मदर्शक यंत्र संशयिताचा चेहरा दाखविते. त्याचा गुन्हा सिद्ध करण्यासाठी पुढील तपास करावाच लागतो.

अन्य सूक्ष्मजीव

जीवाणूंखेरीज सूक्ष्मजीवांचे आणखी वर्ग आहेत. आदिजीव हे जीवाणूंहून मोठे असतात. हगवणीस कारण होणारा अमीबा क्षणोक्षणी आपला आकार बदलतो. हिवतापाचा आदिजीव रक्तातील तांबड्या पेशीत शिरतो तेव्हा प्रथम खड्याच्या अंगठीसारखा दिसतो. त्याच्या एका घातक जातीचे एक रूप चंद्रकोरीसारखे असते. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात या आदिजीवाची अवस्था पाहिली आणि हिवताप व डास यांचा संबंध प्रस्थापित झाला.

बुरशीचे तंतू कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरतात आणि त्यांच्या टोकांशी काळी, हिरवी वा पिवळी बीजे धरतात. शिळ्या भाकरीवर दिसते ती हीच बीजे. डोळ्यांना दिसणारी बुरशी पुसून टाकली तरी तिने सोडलेले विष अन्नात राहू शकते. ओलसर साठविलेल्या भुईमुगावर वाढणारी पिवळसर हिरवी बुरशी यकृताला अपाय करणारे विष निर्माण करते. म्हणून शेंगा पूर्ण वाळविल्याशिवाय साठवू नयेत.

विषाणू या सर्वांहून लहान. साध्या यंत्राने ते दिसतच नाहीत. एर्न्स्ट रुस्का व माक्स नोल यांनी १९३१ मध्ये बर्लिन येथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तयार केला आणि १९३९ मध्ये तंबाखूच्या पानांवरील रोगाच्या विषाणूची छायाचित्रे घेण्यात आली. देवीचा विषाणू विटेच्या आकाराचा, पिसाळ रोगाचा बंदुकीच्या गोळीसारखा आणि पोलिओचा जवळजवळ गोल असतो. करोना विषाणूच्या भोवती मुकुटासारखे उंचवटे असतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये भारतातील रोग्याच्या नमुन्यातील या विषाणूची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेली छायाचित्रे प्रसिद्ध केली.

उपकारक रूपे

सूक्ष्मजीव म्हणजे रोग, असे समीकरण मनात बसणे योग्य नव्हे. दह्याच्या एका थेंबात दंडाणू आणि मण्यांच्या माळांसारखे गोलाणू लक्षावधींनी असतात. पाव फुगविणारे किण्व अंडाकृती असून त्याच्या अंगाला कळीसारखा फुगवटा येतो व त्यातून नवी पेशी जन्मते. तूर, हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जीवाणू राहतात. जमिनीत असताना ते साध्या काडीसारखे असतात, गाठीत शिरल्यावर फुगतात आणि त्यांतील काहींना इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखे फाटे फुटतात. या बदललेल्या रूपातच ते हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात.

कधी कधी सूक्ष्मजीवांचा समुदाय डोळ्यांना थक्क करून सोडतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा खारट पाण्यात वाढणारे व अंगी गुलाबी रंगद्रव्य असणारे सूक्ष्मजीव त्यास कारण असल्याचे आढळले. पाऊस पडून पाण्याचा खारटपणा उतरला की तो रंगही फिका पडतो.

स्वच्छ दिसणारे पाणी

लोणारसारखे उदाहरण अपवादात्मक होय. एरवी एका मिलिलिटर पाण्यात दहा लाख जीवाणू असले तरी ते पाणी डोळ्यांना निर्मळच दिसते. पाणी गढूळ भासावयास याहून कितीतरी अधिक जीवाणू लागतात. शिवाय अनुकूल परिस्थितीत एश्चेरिचिया कोलाय दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. या हिशेबाने एका जीवाणूपासून सात तासांत वीस लाखांहून अधिक जीवाणू होतात. उष्ण हवेत उघड्यावर ठेवलेले अन्न सकाळपासून दुपारपर्यंत कसे बिघडते, याचा उलगडा या गणितात आहे.

म्हणूनच पाण्याची परीक्षा दृष्टीवर सोपविलेली नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात एश्चेरिचिया कोलाय एकही आढळता कामा नये. त्याची उपस्थिती म्हणजे पाण्यात विष्ठेचा अंश शिरल्याची साक्ष होय. आणि जेथे विष्ठा पोहोचली तेथे पटकी, विषमज्वर व कावीळ यांचे जंतूही पोहोचू शकतात.

विहीर शुद्ध करण्याचे गणित अवघड नाही. गोल विहिरीच्या व्यासाचा वर्ग करून त्यास पाण्याच्या खोलीने व ३.१४ ने गुणावे आणि चाराने भागावे. मापे मीटरमध्ये असतील तर उत्तर घनमीटरमध्ये येते आणि एक घनमीटर म्हणजे एक हजार लिटर. व्यास तीन मीटर व पाणी चार मीटर खोल असेल तर सुमारे २८ हजार लिटर पाणी होते. चांगल्या प्रतीची विरंजक पूड दर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम धरली, तर या विहिरीस सुमारे ७० ग्रॅम पूड लागेल. पाणी अधिक दूषित असल्यास प्रमाण वाढवावे लागते. पूड बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडून पाणी ढवळावे आणि निदान एक तास उपसा थांबवावा. तळाचा चुना विहिरीत टाकू नये.

यानंतरची पायरी बहुधा राहून जाते आणि तीच सर्वांत महत्त्वाची असते. ओटी चाचणीचे थेंब टाकल्यावर पाण्यास पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. नळाच्या टोकाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावयास हवा. रंग आला नाही, तर पूड टाकल्याची नोंद वहीत असूनही पाणी सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही. उघड्या पोत्यात, ओलसर खोलीत ठेवलेल्या पुडीतील क्लोरीन उडून जातो व पांढरा चुना तेवढा उरतो. तो दिसतो पुडीसारखाच. म्हणून पूड हवाबंद डब्यात, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवणे ही ग्रामपंचायतीची जबाबदारी ठरते.

शिक्षकांचा वाटा

ज्या शाळेत सूक्ष्मदर्शक यंत्र आहे, तेथे ते कपाटात राहू नये. दह्याचा थेंब पाण्यात पातळ करून काचपट्टीवर पसरावा, वाळवावा, ज्योतीवरून हलकेच फिरवून मिथिलीन ब्ल्यू रंगाचे थेंब द्यावेत व धुऊन पाहावे. चारशेपट मोठे करणाऱ्या भिंगाखाली बारीक निळे ठिपके व काड्या दिसू लागतात. ज्या मुलाने हे एकदा पाहिले, त्याला जेवणापूर्वी साबणाने हात का धुवावेत हे निराळे पटवून द्यावे लागत नाही. तो ते घरी जाऊन सांगतो आणि घरातील वडीलधारी माणसे पाहुण्याच्या भाषणापेक्षा मुलाचे बोलणे अधिक लक्षपूर्वक ऐकतात.

डेल्फ्टच्या व्यापाऱ्याने एका थेंबात जे पाहिले ते पाहण्यासाठी त्याला स्वतःच भिंग घासावे लागले. आज ती साधने शाळेत, आरोग्य केंद्रात व जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत उपलब्ध आहेत. पाण्याचा नमुना वेळेवर पाठविणे, आलेला अहवाल ग्रामसभेत वाचून दाखविणे आणि त्यानुसार त्याच आठवड्यात कृती करणे, एवढे जरी घडले, तरी न दिसणाऱ्या शत्रूचा बंदोबस्त करण्याचे निम्म्याहून अधिक काम गावातच होईल.